अनेक हातांचं बाळ

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारच्या घरी लेक बाळंतपणाला आली आहे. सकाळी न्हाणीघरात बाळाची आजी भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसते आणि नडग्यांवर बाळाला घेते. तेल आधीच जिरवलेलं असतं. डाळीचं पीठ दुधात कालवून हलक्या हाताने फिरवायचं, मग पाणी कोपराने अजमावून तांब्या ओतायचा, असा क्रम. पालथ्याचं उताणं करताना बाळाची मान जराशी मागे गेली की ते दचकतं, दोन्ही हात फाकवतं आणि लगेच ते जवळ ओढून जे सापडेल ते घट्ट धरतं. परवा त्याला माझं बोट सापडलं. सोडवताना त्याची बोटं एकेक करून उलगडावी लागली.

शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे या दचकण्याचं नाव मला माहीत आहे. बालरोगतज्ज्ञ एर्न्स्ट मोरो यांनी १९१८ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ती मोरो प्रतिक्षिप्त क्रिया. त्याच्याही आधी, १८९१ मध्ये, लुई रॉबिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने साठेक नवजात बाळांना काठीला धरून लोंबकळू दिलं होतं. जवळजवळ सगळ्यांनी निदान दहा सेकंद आपलं वजन आपल्या हातांवर पेललं. माकडांची, वानरांची पिल्लं जन्मल्यापासून आईच्या अंगावरचे केस धरून असतात. आई फांदीवरून फांदीवर जाते आणि मूठ सुटली तर पिल्लू खाली पडतं. आपल्या अंगावरचे केस विरळ होऊन लाखो वर्षं झाली, तरी मूठ आवळण्याची ती घाई बाळाच्या अंगात तशीच आहे.

पण मला त्या सकाळी जास्त विचार करायला लावलं ते पुढच्या तासाभराने. बाळ आजीकडून मालिशवाल्या बाईंकडे गेलं, तिथून धुरी द्यायला मावशीकडे, मग आईच्या कुशीत. दूध पिऊन झाल्यावर ढेकर काढायला आजोबांच्या खांद्यावर, आणि ते पेपर वाचायला बसले तेव्हा माझ्या मांडीवर. चिंपांझीच्या पिल्लाच्या नशिबात हे नाही. चिंपांझी आई पहिले कित्येक महिने पिल्लू दुसऱ्या कुणाच्या हाती सहसा देतच नाही. तिला ते परवडतं, कारण पुढचं पिल्लू होईपर्यंत पाच-सहा वर्षं जातात. तोवर आधीचं पिल्लू आपलं आपण खायला लागलेलं असतं.

माणसाचा हिशेब निराळा आहे. प्रौढ माणसाच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण आराम करत असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातला पाचवा हिस्सा मेंदू घेतो. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा वाटा जवळजवळ दोन-तृतीयांशांवर जातो. त्या वयात मुलं उंची-वजनाने फारशी वाढत नाहीत आणि घरातली मंडळी काळजी करतात, पण त्यांचं सगळं खाणं डोक्यात जात असतं. जन्मताना बाळाचा मेंदू प्रौढाच्या मेंदूच्या तीस टक्केही नसतो. इतकं अपुरं मूल, त्याला मोठं व्हायला लागणारी पंधरा-वीस वर्षं, आणि रानातली कंदमुळं, शिकार यांवर जगणाऱ्या समाजांतही तीन-चार वर्षांत पाठीवर दुसरं! एकटी आई हे पेलू शकत नाही. सारा हर्डी या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्याचा मोठा भाग हे दाखवून देण्यात घालवला: माणूस ही अनेकांनी मिळून पिल्लं वाढवणारी जात आहे, आणि आपल्या स्वभावातलं खूप काही त्यातून आलेलं आहे.

मला हे पटतं, कारण ते बाळाच्या चेहऱ्यावर दिसतं. ज्या पिल्लाची आई सदासर्वकाळ त्याला धरून आहे, त्याला दुसऱ्या कुणाला जिंकायची गरज नाही. पण जे मूल या हातातून त्या हातात जाणार आहे, त्याला ओळखता आलं पाहिजे की हा माणूस मला प्रेमाने घेईल की टाळेल. दीड-दोन महिन्यांचं बाळ डोळ्यांत डोळे घालून हसतं आणि घरदार विरघळतं. हसऱ्या, बघणाऱ्या, आवाज करून लक्ष वेधणाऱ्या बाळांची निगा जास्त राखली गेली, ती जास्त जगली, आणि आपण त्यांचे वंशज आहोत. दुसऱ्याच्या मनात माझ्याबद्दल काय चाललंय, ही आयुष्यभराची टोचणी तिथून सुरू होते. ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीला आपण मध्यमवर्गीयांचा रोग म्हणतो. मला ती फार जुनी आणि एके काळी जीव वाचवणारी भीती वाटते. टोळीने तोंड फिरवलं तर माणूस जगत नसे. आज मोबाईलवर टाकलेल्या फोटोला किती जणांनी पसंती दिली हे रात्री दोनदा उठून बघणारी मुलगी त्याच भीतीच्या हाती आहे. फरक एवढाच की टोळीत पन्नास-शंभर ओळखीचे चेहरे होते आणि तिला हजारो अनोळखी माणसांची मर्जी राखायची आहे. तिला ‘जरा मन घट्ट कर’ असं सांगून भागणार नाही, हे आईबापांना कळायला हवं.

आता आजीकडे येते, कारण उत्क्रांतीच्या अभ्यासकांना आजीने बराच काळ छळलं आहे. जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ साली प्रश्न नीट मांडला: जी मादी आणखी पिल्लं देऊ शकत नाही, तिला निसर्ग वीस-तीस वर्षं का जगवतो? बहुतेक सस्तन प्राण्यांत असं होत नाही. ‘पूर्वी माणसं चाळिशीतच मरायची, म्हातारपण हे औषधांनी दिलेलं’ असं उत्तर आपल्याकडे सर्रास दिलं जातं आणि ते चुकीचं आहे. पूर्वी सरासरी आयुर्मान कमी होतं ते मुख्यतः लहान मुलं मरायची म्हणून. बालपण पार केलेल्या माणसाने साठी-सत्तरी गाठणं नवलाचं नव्हतं. म्हाताऱ्या बायका फार जुन्या काळापासून आहेत.

मानवशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात टांझानियात, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाड्झा लोकांबरोबर राहिले. तिथल्या कोरड्या, कठीण जमिनीत खोलवर कंद असतात. ते खणायला काठी लागते, ताकद लागते आणि चिकाटी लागते. मुलांना ते जमत नाही. हॉक्स यांनी कोण किती वेळ खणतं हे मोजलं, तर तरुण बायकांपेक्षा म्हाताऱ्या जास्त वेळ खणत होत्या. आईला तान्हं बाळ असेल, तेव्हा तिच्या थोरल्या मुलाचं वजन वाढणं आईच्या श्रमांपेक्षा आजीच्या श्रमांशी बांधलेलं होतं. म्हणजे आजी कंद खणते, म्हणून थोरल्याचं अंगावरचं दूध लवकर सुटतं, म्हणून धाकटं लवकर येतं आणि दोन्ही जगतात. आजीला आपली मुलं थांबवून लेकीची मुलं जगवणं हे वंशाच्या दृष्टीनेही किफायतीचं ठरलं. फिनलंड आणि कॅनडातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या चर्चच्या नोंदी तपासून २००४ मध्ये असं दिसलं, की पन्नाशीनंतर बाई जगलेल्या दर दहा वर्षांमागे तिला साधारण दोन नातवंडं जास्त होती. प्राण्यांत अशी आजी सापडते ती समुद्रात. ऑर्का देवमाशांच्या माद्या पाळी गेल्यावरही कित्येक वर्षं जगतात, आणि सामन मासे कमी असतात त्या वर्षी याच म्हाताऱ्या कळपाच्या पुढे असतात, कारण मासे कुठे मिळतील ते त्यांना ठाऊक असतं.

यात एक पोटभेद आहे, तो आपल्या बायकांना सांगितला की त्या खुर्ची जवळ ओढतात. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशातल्या खेड्यांच्या नोंदींत आईची आई जिवंत असली की दुडदुड्या वयाचं मूल वाचण्याची शक्यता बरीच वाढायची. वडील असण्यानसण्याने फारसा फरक पडत नव्हता. जर्मनीतल्या क्रुमहॉर्न भागातल्या जुन्या नोंदींत मात्र वडिलांची आई घरात असलेल्या ठिकाणी नवजात बाळं जास्त दगावलेली दिसली. अभ्यासकांचा कयास असा, की सासूच्या घरात गरोदर सुनेवर कामाचा आणि मनाचा भार पडत असावा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. ती ज्यांनी पाडली त्यांना गांबिया ठाऊक नव्हतं, पण पोर कुठे खाईल, कुठे झोपेल आणि कुणापाशी रडेल हे ठाऊक होतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ‘बघा, बाईचा जन्मच मुलं सांभाळायला, विज्ञानही तेच म्हणतं’ असं म्हणून या संशोधनाचा आधार घेणारे मी पाहिले आहेत. एक गृहस्थ तर सुनेला नातवासाठी नोकरी सोडायला लावणाऱ्या आपल्या मित्राची बाजू घेताना हॉक्स यांचं नाव घेत होते. काय घडून आलं हे विज्ञान सांगतं, काय घडावं ते आपण ठरवायचं असतं. शिवाय पुराव्याचा रोख नेमका उलटा आहे. मूल ही एकट्या आईची जबाबदारी कधीच नव्हती, हेच तर तो सांगतो. चार भिंतींत, पाचव्या मजल्यावर, नवरा कामावर गेल्यावर एकटी आई आणि एकटं बाळ, ही आपल्या जातीच्या इतिहासातली अगदी नवी आणि फार कठीण मांडणी आहे. ती जिला झेपत नाही, तिच्यात कसलीही कमतरता नाही.

हातांबरोबर आणखी एक वारसा हातोहात जातो. शेजारच्या आजी डिंकाचे लाडू करतात ते त्यांच्या सासूबाईंच्या मापाने, आणि खारीक किती भाजायची ते माळव्यात आल्यावर शेजारणीकडून शिकल्या. जनुकं एका पिढीकडून पुढच्या पिढीकडेच जातात. रीत मात्र आजीकडून, शेजारणीकडून, शत्रूकडूनही येते आणि एका हिवाळ्यात बदलू शकते. आमच्या इंदूरचा भुट्ट्याचा कीस घ्या. मका मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या बायका तो चुन्याच्या पाण्यात शिजवत. युरोपने दाणा नेला, चुन्याची रीत नेली नाही. जिथे गरीब माणूस फक्त मक्यावर राहिला तिथे पेलाग्रा पसरला: कातडी सोलवटायची, पोट बिघडायचं, शेवटी भ्रम व्हायचा. स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी १७३५ च्या सुमारास हा रोग ओळखला. विसाव्या शतकात जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो आहारामुळे होतो हे अमेरिकेत सिद्ध केलं, आणि १९३७ मध्ये उणीव कशाची ते उमगलं: नायसिन जीवनसत्त्वाची. चुन्याने मक्यातलं नायसिन मोकळं होतं. आमच्याकडे कणसं किसून, हिंग-जिऱ्याच्या फोडणीवर परतून, वर दूध घालून शिजवतात, आणि दुधाच्या प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून शरीर नायसिन बनवू शकतं. दूध घालणाऱ्या बाईने ते मऊपणासाठीच घातलं असणार. रोगाचा धसका घेऊन कुणी स्वयंपाक करत नाही. पण चवीने, सवयीने, शेजारणीचं बघून उचललेल्या रीतींत असं न कळलेलं शहाणपण कधी कधी साठून राहतं. तसाच अडाणीपणाही साठतो, हेही खरं. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत मी स्वतः पाहिली आहे आणि ती वाईट आहे.

गोडाची ओढ मात्र रीतीहून जुनी. रात्री सराफ्यात सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं उतरली की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया लागतात. थंडीत गराडू नावाचा कंद तळला जातो, रबडी आटत असते, तळहाताहून मोठा जलेबा पाकात उतरतो. आमचे पूर्वज फळ पिकायची वाट बघत, मध मिळाला तर माश्यांचे डंख सोसून काढत. गोड म्हणजे ताकद आणि तेल-तूप म्हणजे उद्याची बेगमी, हे जिभेला तेव्हा कळलं. रोज रात्री, हाकेच्या अंतरावर, पोट भरलेलं असताना गोड मिळेल याची तरतूद जिभेत नाही. त्यातून भारतीय शरीराची वेगळी अडचण. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या आयांचा आणि बाळांचा माग ठेवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून. गर्भातच अपुऱ्या अन्नाची सवय लागलेलं हे शरीर पुढे सुबत्तेत आलं की मधुमेहाकडे झुकतं. मधुमेह झालेल्याला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून टोचणाऱ्यांनी त्याच्या आईला, तिच्या मुलीपणी, पानात काय वाढलं जायचं तेही विचारावं.

‘आता उत्क्रांती थांबली का?’ असं विद्यार्थी दरवर्षी विचारायचे. नाही थांबली. दूध मोठेपणीही पचवू देणारा बदल युरोपात आणि आपल्याकडच्या पुष्कळ लोकांत तोच आहे आणि तो अवघ्या काही हजार वर्षांत, गुरं पाळायला लागल्यावर, पसरला. आधी माणसाने गाय बांधली, मग जनुक बदललं. इंदूरपासून काही तासांवर, झाबुआ-अलीराजपूरच्या भिल्ल पाड्यांत, सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. एका पालकाकडून त्याचा जनुक आला तर मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं, दोघांकडून आला तर आयुष्यभराचं दुखणं. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत हा संबंध दाखवला. त्या भागातली मुलं इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात येतात, सांधे धरून रडतात. त्यांच्या रक्तात मलेरियाशी झालेली हजारो वर्षांची झटापट आहे. २०२३ अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने या आजारावर जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता दिली. किंमत डोळे फिरवणारी आहे, तरी मला त्या बातमीने भरून आलं होतं.

आणि तरीही मानवजातीच्या भविष्याबद्दल बोलणं निघालं की जनुकं कापणं-जोडणं, यंत्रांची बुद्धी, मंगळावरच्या वसाहती, एवढ्यावरच गप्पा रंगतात, याचं मला वाईट वाटतं. भविष्य त्याआधी एका साध्या प्रश्नाशी अडलं आहे: मूल कोण सांभाळणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारताचा जननदर दर बाईमागे २.० वर आला. लोकसंख्या कायम राहायला २.१ लागतो. शहरांत तो १.६ होता. दक्षिण कोरियात २०२३ साली ०.७२ झाला. उत्क्रांतीने आपल्याला मुलांची संख्या मोजायची ओढ दिलीच नव्हती. तिने शरीरसुखाची ओढ दिली आणि तान्हं दिसलं की उचलून घ्यायची ओढ दिली, बाकीचं आपोआप होत असे. गर्भनिरोधनाने या दोन ओढी सुट्या केल्या आणि बायकांना आपलं आयुष्य आपल्या हाती घेता आलं, हे मी माणसाच्या मोठ्या कमाईंपैकी एक मानते. माझ्या भाचीने मूल नको असं ठरवलं आहे. तिच्या आईला, माझ्या बहिणीला, ते सोसत नाही. भाची मला म्हणाली, “मावशी, मूल आवडत नाही असं नाही गं. बंगलोरला माझ्याबरोबर ते धरणार कोण, ते सांग.” त्यावर मला तिला काही सांगता आलं नाही. तिला संस्कृतीची, वंशाची व्याख्यानं देणाऱ्या एकाही नातेवाइकाने आठवड्यातला एक दिवस देऊ केलेला नाही.

इंदूरच्या मराठी घरांची हीच स्थिती आहे. लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, कुठेही जा; मुलं पुण्याला, बंगलोरला, त्याहून लांब. विमानतळावर लाडवांचे डबे घेतलेल्या आज्या दिसतात, सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे. गुडघे दुखत असतात, तिथली भाषा येत नसते, तरी जातात. ज्यांना जमत नाही त्यांची नातवंडं पगारी हातांत वाढतात. त्यात काहीच कमीपणा नाही. हाड्झांच्या वस्तीतही तान्ह्याला घेणारे सगळे रक्ताचे नसतात. बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गरिबांच्या मुलांसाठी बालवाडीचं काम उभं केलं आणि वस्तीतल्या अंगणात जाऊन मुलं गोळा केली. १९७५ मध्ये सरकारने अंगणवाड्या सुरू केल्या, तेव्हा माझ्या मते माणसाच्या सगळ्यात जुन्या युक्तीला पहिल्यांदा सरकारी अंदाजपत्रकात जागा मिळाली. त्या सेविकांना आजही मानधन मिळतं, पगार नाही. याची लाज वाटायला हवी.

आमच्या समोरच्या इमारतीत एका जोडप्याच्या वर्षाच्या मुलीला सांभाळायला खरगोनकडची एक बाई येते, विशीतली. मुलगी तिच्या कडेवरून उतरत नाही. तिचं स्वतःचं तीन वर्षांचं पोर गावाला तिच्या आईपाशी आहे. सणाला ती जाते तेव्हा ते तिला आधी ओळखत नाही, मग सोडत नाही, असं ती सांगते. मुलीच्या आईने तिला म्हटलं, “तुझं मूलही घेऊन ये इकडे,” पण भाड्याच्या एका खोलीत ते दिवसभर कुणापाशी ठेवणार? आम्ही काही निवृत्त बायकांनी कॉलनीतल्या मंडळाचा हॉल सकाळी दहा ते पाच पाळणाघराला मागितला आहे, अशा अटीवर की तिथे सांभाळणाऱ्या बायकांची मुलंही येतील आणि त्याच सतरंजीवर बसतील. पहिल्या बैठकीत हॉलला हरकत कुणाचीच नव्हती, सतरंजीला होती. दोन घरांनी नावं मागे घेतली. तीन नवीन आली, त्यांत एक आजोबा आहेत. त्यांना मंगळवार आणि शुक्रवार जमतो. खरगोनला निरोप गेला आहे. हॉलच्या न्हाणीघराला गरम पाण्याची सोय करायची आहे आणि खिडक्यांना जाळ्या बसवायच्या आहेत, त्यासाठी रविवारी परत बैठक आहे.